खाली आणलेला आवाज

"रेकॉर्डर घरातच असेल ना, ताई?"

दारातल्या बाईनं हे विचारलं तेव्हा तिचा चेहरा माझ्याकडे नव्हता. माझ्या खांद्यावरून किंचित डावीकडे, स्वयंपाकघराच्या दिशेनं होता. वय तिशीचं, निळा पंजाबी ड्रेस, हातात घडीची पांढरी काठी. रिक्षावाला फाटकाशी थांबून ती नीट पोचली का ते पाहत होता.

आईला जाऊन चौदा दिवस झाले होते. तेरावं उरकून नातेवाईक आदल्या दिवशी आपापल्या गावी गेले होते आणि अमरावतीच्या त्या घरात मी पहिल्यांदाच एकटी होते.

"कोण आपण?"

"मी उत्पला. उत्पला तायडे. काकू आमच्या केंद्रासाठी पुस्तकं वाचायच्या ना. त्यांनी वाचलेल्यातल्या चुका, नको ते आवाज मी कापते."

काम मला माहीत होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर आईनं ते धरलं होतं. अंध विद्यार्थ्यांची अभ्यासाची पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची. नऊ वर्षं, रोज दुपारी साडेतीन ते साडेपाच, जेवणाच्या टेबलाशी बसून. आवाज येतो म्हणून पंखा बंद, कूलर बंद. अमरावतीच्या मे महिन्यात मानेवर ओला पंचा टाकून ती इतिहास, अर्थशास्त्र, काय वाट्टेल ते वाचत बसायची. मी सुट्टीला आले तरी त्यात खंड नव्हता. साडेतीन वाजले की माझ्या हातात एखादं मासिक द्यायची आणि मला मागच्या खोलीत पाठवायची. मी चाळिशी ओलांडलेली, पुण्यात मोठ्या पदावर असलेली बाई, आवाज होऊ नये म्हणून पानंसुद्धा हळू उलटायची.

पण ते वाचलेलं कुणी ऐकतं, कापतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या कामाला माणूस असेल, असं वाटलंच नव्हतं.

"या," मी म्हणाले.

ती आत आली, तीन पावलं टाकून थांबली आणि मान तिरकी करून म्हणाली, "घड्याळ बंद पडलं?"

घड्याळाचा सेल मीच काढून ठेवला होता. टिकटिक सहन होत नव्हती.

"आणि फ्रिज हलवलात का? पलीकडे होता ना, खिडकीजवळ?"

"पाहुण्यांच्या पंक्तीसाठी सरकवला. तू आधी आली आहेस इथे?"

"नाही हो. आज पहिल्यांदाच." तिनं हात पुढे केला, टेबलाची कड चाचपली, खुर्ची ओढून बसली. खुर्ची करकरली. ती हसली. "हीच ती."

मला ते हसणं आवडलं नाही. माझ्या घरातल्या खुर्चीची तिला ओळख पटली होती आणि त्याचा तिला आनंद झाला होता. चौदा दिवसांत मला त्या घरात कशाचाच आनंद झाला नव्हता.

"बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचं पुस्तक चालू होतं," ती सांगू लागली. "स्थानिक स्वराज्य संस्था. पाच प्रकरणं मुलांना दिली. सहा ते नऊ काकूंनी वाचून ठेवली आहेत, सोमवारी बोलल्या फोनवर. बुधवारी पाठवणार होत्या."

मंगळवारी पहाटे आई गेली होती.

"सोळा मुलं आहेत यंदा. परीक्षेला वीस दिवस राहिलेत. नव्यानं वाचायचं म्हणजे जमणार नाही. शेवटची दोन प्रकरणं दुसऱ्या एक बाई वाचून देऊन राहिल्या, पण हे चार..."

"मला सापडला नाही अजून," मी म्हणाले.

रेकॉर्डर मागच्या खोलीत, आईच्या पलंगावर, तिच्या घडी घातलेल्या शालीवर होता. मी रोज सकाळी तो हातात घ्यायची आणि परत ठेवायची. चालू करायचं धाडस होत नव्हतं. पण म्हणून तो दुसऱ्या कुणी आधी ऐकावा, हे मला चालणार नव्हतं.

तिनं काठीची घडी उलगडली. "बरं. सापडला की कळवा." उठली, दाराशी गेली आणि पायरीवर थांबून म्हणाली, "ताई, शेवग्याला फुलं आली का?"

"कुठल्या?"

"मागच्या. काकू म्हणत होत्या, या आठवड्यात येतीलच."

ती गेल्यावर मी मागच्या दारी गेले. शेवगा पांढऱ्या फुलांनी भरला होता. चौदा दिवस मी त्याच्याखाली कपडे वाळत घालत होते.

शेजारच्या बोंडे मावशी कुंपणापाशी आल्या. "कोण आली होती गं? ती केंद्रातली पोरगी का?"

"तुम्ही ओळखता तिला?"

"मी कुठून ओळखू? तुझी आई सांगायची ना. उत्पलाचं असं, उत्पलाचं तसं. तिला एकदा भरल्या वांग्यांचा डबा पाठवला होता तिनं. मीच म्हटलं, अवो, आमच्या घरी कधी पाठवत नाही डबा, भिंतीला भिंत लागून आहे ती!" आणि त्या हसल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू जेवली का नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी टेबलाशी बसले, कानांत इअरफोन घातले आणि सहावं प्रकरण लावलं.

आधी खुर्ची करकरली. मग आई म्हणाली, "हं. उत्पला, ऐक."

मी कप खाली ठेवला.

"आज गंमत झाली. सिलेंडर आलं आणि तो मुलगा फाटकातच ठेवून गेला. मी म्हटलं, आता हे आत कोण नेणार. तर बोंडेंचा जावई दाढी करत होता गच्चीवर, तसाच खाली आला, अर्धा गाल पांढरा, आणि नेऊन ठेवलं, जोडूनसुद्धा दिलं. मी चहा देते म्हटलं तर म्हणतो, साबण वाळला काकू. दिवसभर मला तो गाल आठवून हसू येतंय. बरं, हे काप. प्रकरण सहावं."

मी बटण दाबून पुढे गेले. पुस्तक मला ऐकायचं नव्हतं. सातव्या प्रकरणाची सुरुवात.

"उत्पला, काल रात्री सलग सहा तास झोप लागली. पायात एकदाही गोळा आला नाही. सकाळी उठून दोन्ही पायांना म्हटलं, उपकार झाले बाबांनो. हे काप."

आठवं.

"आज वाचनालयात एक बाई पाया पडली. मी तुमची विद्यार्थिनी म्हणाली, सातवी ब. मला काही केल्या नाव आठवेना. पण मी पण लबाड! म्हटलं, अगं, तू अजून तशीच दिसतेस. इतकी खूश झाली! काप हे, नाहीतर तुझी सोळा पोरं म्हणतील बाई खोटारडी आहे."

नववं.

"शेवग्याला कळ्या धरल्यात. या आठवड्यात फुलं येतील. आली की तुला भाजी पाठवते."

मी इअरफोन काढले.

नऊ वर्षं मी आईला रोज फोन करत होते. दुपारी चारच्या सुमारास, ऑफिसातल्या चहाच्या वेळेत, जिन्यात उभी राहून. एकही दिवस चुकवल्याचं आठवत नाही. त्याचा मला अभिमानही होता. काय चाललंय, असं मी विचारायची. "काही नाही गं. रोजचंच." गोळ्या घेतल्या? घेतल्या. जेवलीस? जेवले, तू? आणि फोन संपायचा. मला वाटायचं, एकटी राहणारी म्हातारी बाई, तिच्या दिवसात सांगण्यासारखं काय असणार. अर्ध्या पांढऱ्या गालाचा जावई तिनं मला कधी सांगितला नाही. पायांचे उपकार मानल्याचं सांगितलं नाही. सगळं राखून ठेवलं आणि साडेतीन वाजता, खुर्ची ओढून, त्या मुलीला दिलं.

चार प्रकरणांची चार बोलणी. नऊ वर्षांची किती झाली असतील? हजार? दोन हजार? ती सगळी तिच्याकडे होती. मी ठरवलं, ती घ्यायची. तोवर रेकॉर्डर द्यायचा नाही.

केंद्र म्हणजे एका जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावरची खोली होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जुन्या गोधड्या टांगल्या होत्या. उत्पला कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडदा काळा होता. तिला त्याची गरज नव्हती.

"सापडला?" मी बोलायच्या आधीच तिनं विचारलं.

"सापडला."

तिनं हात पुढे केला. मी पर्स मांडीवर घट्ट धरली.

"आधी मला काहीतरी हवंय. प्रत्येक प्रकरणाच्या आधी आई तुझ्याशी बोलायची. ते सगळं मला दे. नऊ वर्षांचं."

तिनं हात मागे घेतला. "ते नाही माझ्याजवळ."

"नाही म्हणजे?"

"कापलं. काकूच म्हणायच्या ना, हे काप म्हणून."

"कापलं, पण ठेवलं असशील कुठेतरी."

"नाही ठेवलं."

"एकही नाही?"

"नाही, ताई."

माझा विश्वास बसेना. "तुला ठेवता येत नव्हतं का? जागा नव्हती? नियम होता?"

"जागा होती. नियमबियम काही नाही." ती कीबोर्डवरून बोटं फिरवत राहिली, काही न दाबता. "रोज नवीन यायचं ना. मी ऐकायची, हसायची, काढून टाकायची. उद्या परत येणारच होतं."

मी काय बोलले ते मला आज लिहायलाही नको वाटतं. म्हणाले, "दुसऱ्याची आई होती म्हणून टाकता आलं. स्वतःची असती तर जपलं असतंस."

ती चिडली नाही. "माझी आई आहे, दर्यापूरला. तिला फोन केला की ती रडते. मी जन्मले तेव्हापासून रडून राहिली. मी नोकरीला लागले, पहिला पगार झाला, तेव्हाही रडली." मग म्हणाली, "काकू सिलेंडरचं सांगायच्या."

"ते या वेळचं आहे. तुला कसं माहीत?"

"हे नाही. आधीही एकदा आलं होतं सिलेंडर."

खाली मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवली. मला निघून जायचं होतं, पण एक प्रश्न राहिला होता आणि तो तिलाच विचारावा लागणार होता, दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"माझ्याबद्दल काय बोलायची?"

"काही नाही."

"नऊ वर्षांत?"

"काही नाही. तुमचं नाव मला काकू गेल्यावर कळलं, शुभदाताई. पेपरात आलं होतं, मैत्रिणीनं वाचून दाखवलं."

मी उठले. पर्सची चेन लावली. आता तिला रेकॉर्डर द्यायचा नाही, हे पक्कं झालं होतं. सोळा मुलांची परीक्षा होती हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी दाराकडे वळले. माणूस किती खाली जाऊ शकतो हे पुस्तकांत खूप वाचलं होतं. त्या दिवशी पायांना कळलं.

"पण तुमचा फोन मला माहीत आहे," ती मागून म्हणाली.

"ऐकायचीस तू?"

"ऐकायला मिळत असतं तर काय पाहिजे होतं! तेवढंच तर मिळत नव्हतं." तिच्या आवाजात पहिल्यांदाच धार आली. "ताई, काकू मशीन कधी बंद करत नव्हत्या. कुकर होवो, बेल वाजो. चुकल्या की टेबलावर पेन दोनदा वाजवायच्या, म्हणजे मला कळायचं, इथून काप. बोंडे मावशी मधेच येऊन सुनेच्या तक्रारी सांगायच्या, वीस-वीस मिनिटं. मी सगळ्या ऐकल्या आहेत. ती सून वाईट नाही. तुमच्या मामांचे फोन, बँकेचे फोन, सगळं चालू मशीनवर. पण चार वाजता एक फोन यायचा. घंटी वाजली की आधी टक्. मशीनच बंद. मग उचलायच्या."

मी दाराला हात लावून उभी होते.

"मी एकदा विचारलं, कोण असतं हो काकू? म्हणाल्या, माझी मुलगी, आणि ते तुझ्या कामाचं नाही. हसूनच म्हणाल्या. पण म्हणाल्या."

"त्यात काय," मी म्हणाले. "घरचं बोलणं असतं."

"घरचं सगळंच तर मला ऐकवत होत्या!" ती म्हणाली. "मी इथं बसून त्या घरात राहायची, खरंच सांगते. फ्रिज कुठं, घड्याळ कुठं, दूध कधी येतं. आणि रोज चार वाजता मला कुणीतरी हात धरून बाहेर काढायचं आणि दार लावून घ्यायचं. तुमचा राग यायचा मला. नावही माहीत नव्हतं, तरी."

तिनं हेडफोनची वायर सरळ केली. मग ती नेहमीच्या, कामाच्या आवाजात म्हणाली, "आणि त्रास वेगळाच. जोड बसायचा नाही."

"कसला जोड?"

"टक्च्या आधीचं वाक्य आणि नंतरचं. आम्हाला सपाट वाचलेलं लागतं. नाटकी वाचलं की अभ्यास होत नाही. काकू एकदम छान सपाट वाचायच्या. पण फोननंतर आवाज वर लागायचा. अर्धं-एक पान तसाच. मग हळूहळू जागेवर यायचा. मुलं विचारायची, मॅडम, इथे दुसऱ्या कुणी वाचलं का? मग मी तो तुकडा मशीनवर खाली आणायची. रोज. नऊ वर्षं तेच केलं मी, तुमचा फोन झाल्यावरचा आवाज खाली आणला."

मी परत आले आणि खुर्चीवर बसले. पर्समधून रेकॉर्डर काढून तिच्या हातात ठेवला. तिनं तो अंगठ्यानं चाचपला, वायर जोडली.

"तुम्ही ऐकलं का हे?"

"सुरुवातीचं तेवढं. पुस्तक नाही ऐकलं."

"पुस्तकातच आहे ते," ती म्हणाली.

नववं प्रकरण तिनं भराभर पुढे नेलं. आईचा आवाज चिमणीसारखा चिवचिवत गेला, थांबला, पुन्हा चिवचिवला. मग तिनं एका ठिकाणी बोट रोवलं आणि माझ्याकडे दुसरा हेडफोन सरकवला.

आई वाचत होती. सपाट, वर्गात प्रश्न लिहून देतात तशी. "सभा सुरू होण्याच्या वेळेपासून ठरावीक मुदतीत आवश्यक तितके सदस्य उपस्थित न राहिल्यास अध्यक्ष ती सभा..." फोनची घंटी वाजली. टक्.

आणि लगेच, मधे श्वास घेण्याइतकीही जागा न सोडता: "गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्तीची आवश्यकता नसते."

त्या वाक्यात हसण्यासारखं काही नाही. आई हसत नव्हतीही. पण ओठ हसून नुकतेच मिटलेले असावेत, आणि ते अजून पूर्ण मिटले नसावेत, असा तो आवाज होता. शेवटचा 'नसते' जवळजवळ गाण्यात गेला होता. मी पंचेचाळीस वर्षं तिच्या आवाजात वाढले. हा आवाज मी ऐकलेला नव्हता. मला तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. तो मी फोन ठेवल्यावर सुरू व्हायचा.

"परत लाव," मी म्हणाले.

तिनं लावला. तिसऱ्यांदाही लावला, मी न सांगता.

"खाली आणू?" तिनं विचारलं. बोट बटणावर होतं. "तुम्ही म्हणाल तर तुमच्यासाठी आधी असाच उतरवून देते. मुलांना मात्र सपाटच लागेल."

"मला दे. मग आण खाली."

तिनं माझ्यासाठी तो तुकडा वेगळा काढला. तेवढ्या वेळात मी फोन उघडला. रेकॉर्डरवर नवव्या प्रकरणाची तारीख रविवारची होती, आणि फोनमधली कॉलची यादी मी पुसली नव्हती. रविवार, दुपारी चार वाजून नऊ मिनिटं, तीन मिनिटं चाळीस सेकंद. रविवार म्हणजे मी ऑफिसात नव्हते, घरीच होते. गॅलरीत असेन, किंवा इस्त्री करत असेन.

"ताई," उत्पला म्हणाली. तिनं मान माझ्याकडे वळवली होती, आणि या वेळी अगदी बरोबर माझ्या तोंडासमोर. "एक विचारू? नऊ वर्षं विचारायचं होतं. काय बोललात त्या दिवशी?"

मी आठवू लागले. गोळ्या, जेवण, हे तर झालंच असणार. पण त्याशिवाय काय? पुण्यात ऊन वाढलंय म्हणाले असेन. मोलकरीण आली नाही, म्हणाले असेन. कुणाची तरी नक्कल केली असेल का? मी नकला करत नाही. तीन मिनिटं चाळीस सेकंदांत मी तिला असं काय दिलं होतं? मी प्रामाणिकपणे, डोळे मिटून, शोधलं. तिथे काहीच नव्हतं.

"आठवत नाही," मी म्हणाले.

तिचा चेहरा हळूहळू बंद झाला. तिला ते खरं वाटलं नव्हतं. आईसारखंच मीही ते तिच्यापासून राखून ठेवते आहे, अशी तिची समजूत झाली. "बरं," ती म्हणाली, मान मशीनकडे वळवली आणि आईचा आवाज खाली आणायला लागली.

मी ती समजूत दूर करू शकले असते. आज सात वर्षं झाली. आम्ही अधूनमधून बोलतो, केंद्रातल्या मुलांसाठी आता मीही वाचते. पण तेव्हा मला खरंच काही आठवलं नव्हतं, हे मी तिला अजून पटवून सांगितलेलं नाही. माझ्याकडे काहीतरी आहे, असं जगात एका तरी माणसाला वाटतं. ते मला तसंच राहू द्यायचं आहे.